वेसकराची खुर्ची

(घाटकोपर इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला गोल गोल बोलता येत नाही. गोदीत क्रेनच्या आवाजात माणूस ओरडूनच बोलतो, तिथं सभ्य भाषा ऐकायलाच येत नाही. म्हणून थेट सांगतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर सरकारला सल्ला देणाऱ्या एका उपसमितीवर माझं नाव घालायचं चाललं होतं. मी नाही म्हणालो. ही गोष्ट वस्तीत पसरली आणि दोन तऱ्हेची बोलणी माझ्या कानावर आली. एक म्हणजे पोरगा माजला. दुसरं म्हणजे भाव जमला नसेल. दोन्हीचं उत्तर आज द्यायचंय. पण उत्तर माझ्यापुरतं असतं तर मी तुमचा रविवार खाल्ला नसता. असले निरोप उद्या तुमच्यातल्या कुणालाही येणारेत.

समितीचं नाव मी घेणार नाही, निरोप आणणाऱ्याचं तर नाहीच. तो बिचारा निरोप्या. तो मला म्हणाला, ‘‘तू दलित, तू तरुण, तू कामगार, वर कवी, आणि मूळचा निपाणीकडचा. एका खुर्चीत पाच जागा भरतात.’’ मी म्हणालो, ‘‘पाच माणसं एका खुर्चीत बसवली तर खुर्ची मोडंल की हो.’’ तो हसला. मीही हसलो. पण रात्रभर ती पाच माणसं माझ्या डोक्यात भांडत होती.

काय मिळणार होतं? बैठकीचा भत्ता, जाण्यायेण्याचं भाडं, विश्रामगृहात उतरायची सोय, आणि राजमुद्रेचं एक पत्र. तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच नाही. मी गोदीत ठेक्यावर आहे. माझा आजोबा डॉक लेबर बोर्डाचा नोंदलेला कामगार होता, त्याला हजेरी होती, बिल्ला होता. १९९४ साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, आणि आमच्या पिढीच्या वाट्याला ठेकेदाराचा फोन आला. फोन आला तर काम, नाही तर चहाच्या टपरीवर कविता. अशा माणसाच्या हातात सरकारी पत्र असलं की ठेकेदार नीट बोलतो. वस्तीच्या पुनर्विकासात पात्र कोण, अपात्र कोण याच्या याद्या चालल्यात. तिथं त्या पत्राला वजन आलं असतं. माझी आई त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, ‘‘दारात आलेली लक्ष्मी घालवलीस.’’ आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, लक्ष्मीची नाही. पण म्हण अजून आईच्या तोंडात आहे. गरिबीची भाषा धर्मांतरानं लगेच बदलत नाही.

तेव्हा नकार फुकटात पडलेला नाही, हे आधी लक्षात घ्या.

आता हा सीमाप्रश्न आहे काय, ते बघू. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं बांधली. बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार हे जिल्हे तोवर मुंबई राज्यात होते, ते म्हैसूर राज्यात गेले. त्यात निपाणी, खानापूर, बेळगाव शहर, कारवार असा मराठी बोलणारा मुलूखही गेला. महाराष्ट्राचं म्हणणं, गाव हा घटक धरा, ज्या भाषेची माणसं जास्त त्या भाषेच्या राज्यात गाव घाला, सलगता बघा. आंध्र आणि मद्रासच्या भांडणात पाटसकरांनी याच तत्त्वावर वाट काढली होती. १९६० साली दोन्ही राज्यांची चार माणसांची समिती नेमली, तिचं एकमत झालं नाही. १९६६ साली सेनापती बापटांनी उपोषण केलं, मग केंद्रानं माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजनांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ साली त्यांनी अहवाल दिला : २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं म्हैसूरला, बेळगाव शहर म्हैसूरकडंच. महाराष्ट्रानं अहवाल झुगारला, कर्नाटक म्हणतं हाच शेवटचा शब्द. महाराष्ट्राची मागणी आधी ८१४ गावांची होती, आता ८६५ ची आहे. २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. पोरं जन्मली, शाळा शिकली, माझ्यासारखी गोदीला लागली, दावा तिथंच.

हा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. कुणी तसं लिहून घेऊ नका. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळ्या खाऊन मेलेली माणसं खरी होती. आजही सातबाराची भाषा कळत नाही म्हणून सरकारी कचेरीत दुसऱ्याचं तोंड बघणारा म्हातारा खरा आहे. याच घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या अण्णाभाऊंनी ‘माझी मैना’ लिहिली, त्यात बेळगाव-कारवारची तळमळ आहे. आणि ती मांगवाड्यात जन्मलेल्या माणसाची तळमळ आहे, हे सदाशिव पेठेनं विसरू नये. संयुक्त महाराष्ट्राच्या समितीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं, दादासाहेब गायकवाड होते. आमच्या लोकांनी मोर्चे भरले, लाठ्या खाल्ल्या. महाराष्ट्र झाला. महारवाडा होता तिथंच राहिला.

माझा आजोबा १९५४ साली निपाणीजवळच्या गावातून मुंबईला आला. गाडीभाड्याचे पैसे उसने घेऊन आला, पण सीमा ओलांडून आला नाही, कारण सीमा नव्हतीच. एका राज्यातल्या गावातून त्याच राज्याच्या राजधानीत आला. दोन वर्षांनी त्याच्या पाठीमागून गावच दुसऱ्या राज्यात निघून गेलं. आजोबाचा भाऊ तिकडं राहिला. आता चुलत्याच्या घरी जायचं तर कागलच्या पुढं दूधगंगा ओलांडायची, कोगनोळीचा नाका लागतो. भांडण पेटलं की तिथं पोलीस उभे राहतात. चुलता मराठी बोलतो, त्याची पोरं शाळेत कन्नड शिकली, घरात दोन्ही भाषा भाकरीबरोबर खातात. मी चुलत्याला फोन केला, म्हणालो, अशी अशी नेमणूक आलीय. तो म्हणाला, ‘‘घे की. पण एक विचार त्यांना. आमचा वाडा कुठल्या बी राज्यात गेला तर गावाच्या कुठल्या बाजूला राहणार?’’

मित्रांनो, सगळं भाषण या एका प्रश्नात आहे. मराठीत म्हणायचं महारवाडा, कन्नडात म्हणायचं होलगेरी. दोन भाषांत दोन शब्द, जागा एकच, गावकुसाबाहेर. भाषेनं राज्याची सीमा ठरते. ही आतली सीमा कुठल्या भाषेनं ठरवली? तिच्यावर कुठला आयोग बसला? कुणी गाव घटक धरून मोजलं, की ८६५ गावांत किती पाणवठे आणि किती मसणवाटे वेगळे आहेत?

आणि सीमा दाखवायचं काम आम्हाला नवीन आहे असं समजू नका. गावगाड्यात ते आमचंच काम होतं. महार म्हणजे वेसकर. वेशीवर पहारा त्याचा, शिवेचे दगड त्याला तोंडपाठ. दोन गावांचं शिवेवरून भांडण लागलं की पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदाआधी महाराची साक्ष. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन, शपथ घालून महाराला शिवेवरून चालवायचे. तो ज्या वाटेनं चालला ती शीव. खोटं चाललास तर तुझा वंश बुडेल अशी भीती घालायचे. बघा गंमत. ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरते त्याला त्या गावात राहता येत नाही. ज्याच्या पावलावर विश्वास, त्याच्या सावलीचा विटाळ. त्याबद्दल मिळायचं काय? बलुतं, शिळी भाकरी, मेलेल्या जनावराचं कातडं, आणि वतनाचा एक जमिनीचा तुकडा. म्हातारे अजून अभिमानानं सांगतात, बेदरच्या बादशहानं आपल्याला बावन्न हक्कांची सनद दिली. ते बिदरही आज सीमावादातल्या जिल्ह्यांत आहे. हक्क बावन्न, आणि त्यातला एकही गावात घर बांधायचा नाही.

बाबासाहेबांनी या वतनावर घाव घातला. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती मागणारं बिल आणलं. का? वतन सुटावं, राबणूक सुटावी म्हणून. आमच्याच कित्येक म्हाताऱ्यांना वाटलं, बाबा आपला हक्क घालवतोय. हातातलं वतन सोडायचं म्हणजे पोटात गोळा येतो. माझ्या आईसारखाच. पुढं १९५८ च्या कायद्यानं मुंबई राज्यातली कनिष्ठ वतनं संपली, पलीकडं म्हैसूरनं १९६१ साली गावकामगारीची वतनं संपवणारा कायदा केला. एकाच घरातले दोन भाऊ, सीमेच्या दोन बाजूंना, दोन वेगवेगळ्या कायद्यांनी वेसकरी सोडून मोकळे झाले.

आणि आता मला पुन्हा शिवेवर चालायला बोलावलं होतं. या खेपेला डोक्यावर ढेकूळ नाही, हातात फाईल. भाकरीऐवजी भत्ता. शपथ बदलली, काम तेच : तू चालून दाखव, आम्ही शीव आखतो, मग तू तुझ्या वाड्यात जा.

तरी मी लगेच नाही म्हणालो नाही. मी एक विषय पुढं केला. म्हणालो, माझा चुलतभाऊ निपाणीहून इथं आला. तिकडं महार जात अनुसूचित, इकडंही अनुसूचित. पण तिकडचा दाखला दाखवून इथं सवलत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली आणि पुन्हा १९९४ साली सांगितलं, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायमचं राहायला गेलेल्या माणसाला नव्या राज्यात अनुसूचित जातीचा फायदा मागता येत नाही. २०१८ साली घटनापीठानं तेच धरून ठेवलं. म्हणजे बघा. जात सीमा ओलांडून बरोबर येते, सवलत नाक्यावर उतरून घेतात. घरमालक जात विचारतो तेव्हा कर्नाटकची महाराष्ट्रात चालते. कॉलेजचा कारकून विचारतो तेव्हा चालत नाही. मग मी म्हणालो, तुमच्या समितीनं एवढं तरी विषयपत्रिकेवर घ्यावं. ८६५ गावांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे ना? मग निकाल लागेपर्यंत त्या गावांतल्या दलित पोरांचा दाखला दोन्ही राज्यांत चालावा, अशी शिफारस करा. कायदा लागेल, संसद लागेल, मला ठाऊक आहे. निदान मागा तर खरं.

निरोप्या वर जाऊन आला. उत्तर आणलं : ‘‘तो सामाजिक न्यायाचा विषय. आपली समिती भाषेची.’’

झालं. भाषेत न्याय बसत नाही म्हणाले, मग त्या भाषेत मी तरी कसा बसणार?

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. ते भाषावार राज्यांचे सरसकट विरोधक नव्हते. १९४८ साली दार आयोगापुढं त्यांनी महाराष्ट्र प्रांताच्या बाजूनं निवेदन दिलं. पण १९५५ च्या पुस्तकात त्यांनी धोक्याची घंटा वाजवली, की भाषेच्या राज्यात एखादी मोठी जात सगळं गिळते आणि लहान जाती तिच्या दयेवर जगतात. पंजाबात जाट, आंध्रात रेड्डी, महाराष्ट्रात मराठा अशी नावंच घेतली त्यांनी. निपाणी तर त्यांच्या पायाखालची भूमी. १९२५ साली तिथं बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. शंभर वर्षं झाली. निपाणी कुणाची यावर दोन सरकारं भांडतात. निपाणीच्या त्या परिषदेत जमलेली माणसं कुणाची, यावर कुणी दावा लावला नाही.

एक सीमा मात्र अशी आहे, जी ओलांडायला कधी कुणी पुरावा मागितला नाही. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर. तिथं देवाला सोडलेल्या आमच्या पोरी, मराठी घरातल्या आणि कन्नड घरातल्या, मुंबईच्या कामाठीपुऱ्यात येऊन पडल्या. त्यांच्यासाठी नाका नव्हता, भाषा नव्हती, १९५६ नव्हतं. कर्नाटकानं १९८२ साली आणि महाराष्ट्रानं २००५ साली देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा केला. दोन कायद्यांत तेवीस वर्षांचं अंतर. तेवढ्या काळात एका पोरीची पोर सोडायच्या वयाची होते. सीमाप्रश्नावर दोन्हीकडच्या विधिमंडळांनी ठराव करायला किती वेळ लागला? २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटकाचा ठराव २२ तारखेला झाला, महाराष्ट्राचा २७ तारखेला. पाच दिवस!

तो डिसेंबर आठवा. महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला जाणार होते. तीन तारखेचा दौरा सहा तारखेवर नेला, कारण, असं सांगितलं गेलं, तिथल्या आंबेडकरी संघटनांनी महापरिनिर्वाण दिनाला यायची विनंती केली होती. दौरा झालाच नाही. सहा डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे होतो, आणि तिकडं हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडत होते. इकडं पुण्यात कर्नाटकाच्या एसट्यांना काळं फासलं. त्या ट्रकांचे क्लीनर आणि त्या एसट्या धुणारे कोण, ते मी सांगायला नको. मग १४ तारखेला दिल्लीत बैठक झाली, प्रत्येक राज्याचे तीन-तीन मंत्री बसवायचे ठरले. समिती, त्यावर समिती, तिच्या पोटात उपसमिती. त्यात आमच्यासारख्याला जागा होते ती फोटोपुरती.

आता तुमच्यातले हुशार लोक विचारतील, आणि विचारलंच पाहिजे : आत बसून भांडता आलं नसतं का? बाबासाहेबांनी पदं घेतली नाहीत का? घेतली. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले, १९४७ साली कायदेमंत्री झाले. खुर्ची विटाळलेली असते असं मी म्हणत नाही, तो विटाळ त्यांचा, आपला नव्हे. पण त्या खुर्चीत बसून त्यांच्या हातात लेखणी होती. त्यांनी कायदे लिहिले, आणि हिंदू कोड बिल अडवलं तेव्हा १९५१ साली खुर्ची लाथाडली. आमच्या हातात देणार होते ती फक्त सही. लेखणी देत असतील तर घ्या. सही मागत असतील तर हात मागं घ्या.

आणि नाही म्हणणारा मी पहिला नाही. १९५६ साली मुंबईसाठी चिंतामणराव देशमुखांनी देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं. राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष फजल अली, त्यांनी बिहारच्या बंगाल आणि ओरिसाबरोबरच्या सीमातंट्यात भागच घेतला नाही. म्हणाले, माझा बिहारशी जुना संबंध आहे. ही मोठी माणसं. पण सीमेपलीकडं बघा. कन्नडमधला आपलाच माणूस, देवनूर महादेव, दलित लेखक. २०१० साली त्यांना कन्नडचा नृपतुंग पुरस्कार दिला, तर म्हणाले, आधी प्राथमिक शाळेत कन्नड माध्यम करा, मग पुरस्कार. भाषेच्या नावानं आलेली शाल त्यांनी भाषेसाठीच परत केली. मी मराठीतून नाही म्हणालो, ते कन्नडातून. या दोन नाहींच्या मधे कोगनोळीचा नाका नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बेळगाव महाराष्ट्रात यावं का? तिथल्या लोकांना हवं असेल तर यावं. त्यासाठी मोर्चा निघाला तर मी झेंडा धरीन. पण सरकारचा वेसकर होणार नाही. विषयपत्रिकेत आमचा एक मुद्दा ज्या दिवशी येईल त्या दिवशी भत्ता न घेता, विश्रामगृह न घेता, रात्रपाळी करून, उभ्यानं प्रवास करून मी बैठकीला जाईन.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. तीन कामं सांगतो, ती सरकारची नाहीत, आपली आहेत. घाटकोपर, मुलुंड, विक्रोळीच्या वस्त्यांत सीमेपलीकडून आलेली किती दलित कुटुंबं आहेत आणि किती पोरांचे दाखले अडलेत, याची वही करा. घरोघर जाऊन करा. दुसरं, कर्नाटकात दलित संघर्ष समितीची चळवळ झाली, बी. कृष्णप्पा होते, सिद्धलिंगय्यांसारखा कवी होता. त्यांचं लिहिलेलं मराठीत आणा, आपलं कन्नडात पाठवा. या मासिकाचा एक अंक दोन लिपींत काढा, छपाईला माझी एक पाळी घ्या. आणि तिसरं, निपाणीच्या वाड्यात आणि कागलच्या वाड्यात एकाच दिवशी सभा घ्या, ठराव एकच ठेवा : राज्य कुठलंही असो, वाडा गावात.

माझ्या चुलत्याच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच समितीनं दिलं नाही, ते आपल्याला द्यायचंय. वही उद्यापासून सुरू करायची आहे. ज्याला यायचं त्यानं बैठक संपल्यावर इथंच थांबावं.

जयभीम.